छतावरचं बोलणं

“वर जाऊन बघू, मंग बोलू.”

कुठल्याही दुकानात, दवाखान्यात, लॉजवर पाय ठेवला की त्याचं पहिलं वाक्य हेच. चहा नंतर, ओळखपाळख नंतर, भाव तर फारच नंतर. तडक जिना चढायचा, छताच्या दारात चपला काढायचा आणि उन्हाकडं पाठ करून स्वतःच्याच सावलीकडं बघत उभा राहायचा. एप्रिलमध्येसुद्धा अनवाणी. जालन्याच्या स्लॅबवर एप्रिलमध्ये एकदा अनवाणी उभे राहा, म्हणजे मी कुणाबद्दल बोलतोय ते कळेल. “स्लॅब कुठं तापतो, कुठं ओल धरतो, ते पायाला बराबर समजतं,” असं तो म्हणायचा. मला विचाराल तर त्यातलं निम्मं लोकांनी बघावं म्हणून होतं.

त्याचं नाव सांगत नाही. नावानं त्याला फारसं कुणी हाक मारायचंही नाही. सगळ्या गावाचा तो ‘छतवाला’. मूळचा पिंपळगाव रेणुकाईचा, शेतकऱ्याच्या घरातला. काही वर्षं अंकुशनगरला कारखान्यावर वायरमन होता, मग ते सोडून जालन्यात सोलरची कामं घ्यायला लागला. आधी गरम पाण्याचे बंब, पुढं विजेचे पॅनेल. एखाद्या दुकानाला वीज किती लागते, त्यासाठी छतावर पॅनेल किती, खाली बॅटऱ्या किती आणि हे सगळं केवढ्याला पडेल, याचा हिशोब तो करून द्यायचा आणि पटला तर बसवूनही द्यायचा. भारनियमनाची ती वर्षं तुम्हाला आठवत असतील. दिवसाचा निम्मा वेळ वीज नसायची आणि दुकानादुकानासमोर जनरेटर धडधडत असायचे. अशा वेळी न धडधडणारी वीज विकणारा माणूस लोकांना आवडला, त्यात नवल नव्हतं.

मला तो आवडायचा नाही. तो जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्याचा विषय निघाला की माझ्या पोटात दुखतं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी चांगलंच बोलणार आहे, पण जळत जळत बोलणार आहे.

त्याचा एक नियम होता. घरातलं थोर माणूस सोबत आल्याशिवाय तो छत मोजायचा नाही. पैसे देणारा मुलगा असो की सून, ह्याला वर म्हातारं माणूसच लागायचं. पाणी कुठं साचतं, शेजाऱ्याचं झाड किती वर्षांत किती वाढलं, कोणत्या कोपऱ्यात पापड वाळतात, हे त्यांनाच ठाऊक असतं, असं त्याचं म्हणणं. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांच्या आई वर्षानुवर्षं जिना चढल्या नव्हत्या. छतवाल्यानं त्यांना कठड्याला धरून वर नेलं आणि चांगला तासभर टाकीच्या सावलीत बसवून बोलत राहिला. म्हातारी खाली आली ती हसत. सुनेच्या जिवाला लागलं. तिनं त्याला चहा दिला, वर चिवडा दिला, मग आडून आडून विचारलं, आई काय म्हणत होत्या. ह्यानं चिवडा संपवला आणि म्हणाला, “छतावरचं बोलणं छतावर राह्यतं ताई. खाली आणलं की त्याला पाय फुटतेत.”

हा किस्सा मी स्वतः चार लोकांत हसून सांगायचो. माझ्यावर तीच वेळ येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आमचं जालन्यातच मस्तगडला लोखंडाचं दुकान. सळया, अँगल, पत्रे. दुकान आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. वरच्या मजल्यावर माझा क्लास, आधी टायपिंगचा, नंतर कॉम्प्युटरचा. बी.कॉम. झाल्यावर मी गल्ल्यावर बसावं अशी आण्णांची इच्छा होती. मी जुने टाइपरायटर आणून वर टेबलं मांडली. आण्णा नाही म्हणाले नाहीत आणि बघायलाही आले नाहीत. “गुडघे दुखतेत,” एवढंच. टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, एसी बसली, दारात ‘कृपया चपला बाहेर काढाव्यात’ ही पाटी लागली, भोकरदन-अंबडकडची पोरं एसटीनं शिकायला यायला लागली. आण्णांचे गुडघे दुखतच राहिले. त्याच गुडघ्यांनी ते दुकानातल्या माळ्यावर मात्र दिवसभर चढउतार करायचे.

माझ्याशी त्यांचं बोलणं म्हणजे जिन्याचं रेलिंग. सळईचा वीतभर तुकडा त्यांनी सुतळीनं रेलिंगला बांधून ठेवला होता. मी पाहिजे असलो की त्यानं एक ठोका द्यायचे. ठण्ण. की मी शिकवणं अर्धवट टाकून खाली. पोरं तोंडावर हात ठेवून हसायची. ज्याला सगळं गाव ‘सर’ म्हणतं तो माणूस सळईच्या आवाजावर पळतो, याची त्यांना मजा वाटायची. आण्णांनी मला नावानं हाक मारलेली आठवत नाही. धाकट्याबद्दल मात्र गिऱ्हाइकांशी भरभरून बोलायचे. धाकटा पुण्याला कंपनीत. वर्षातून एकदा दिवाळीला यायचा, पण आण्णांच्या तोंडी रोज असायचा.

तर अशात भारनियमन वाढलं आणि क्लास बसायला लागला. पोरांनी अर्धं पान टाइप केलं की वीज जायची आणि सेव्ह न केलेलं सगळं पाण्यात. समोरच्या गल्लीतल्या क्लासनं जनरेटर घेतला आणि माझी पोरं एकेक करून तिकडं सरकायला लागली. मी सोलरचं मनावर घेतलं. औरंगाबादहून एक-दोन जण येऊन, कागदावर आकडे मांडून, अर्ध्या तासात भाव सांगून गेले. मग कुणीतरी म्हणालं, छतवाल्याला बोलवा.

आला. “वर जाऊन बघू, मंग बोलू,” म्हणाला. मी छताची किल्ली घेऊन पुढं झालो. हा जागचा हलेना.

“थोर माणूस?”

“सगळं मीच बघतो.”

“तसं न्हाई. घरातलं थोर माणूस.”

“त्यांचे गुडघे दुखतात,” मी म्हणालो. “ते वर येत नाहीत.” हे सांगताना मला थोडं बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. जिथं माझी डाळ शिजली नाही तिथं ह्याची काय शिजणार.

तो सरळ गल्ल्याशी गेला. “आण्णा, रस्त्यावरून तुमच्या छतावर सळया उभ्या दिसून राह्यल्या. कुणासाठी ठेवल्यात?”

आण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग उठले. एक हात रेलिंगवर आणि एक त्याच्या खांद्यावर ठेवून पायरी पायरी चढले, माझ्या क्लासच्या उघड्या दारावरून पुढं गेले आणि छतावर पोचले. मी किल्ली हातात घेऊन जिन्याच्या मध्यावर उभा होतो. छताला कुलूप नव्हतंच; ते मला नाही, आण्णांना ठाऊक होतं.

सळयांचं सांगायला पाहिजे. आमच्या गावात घर बांधलं की खांबांच्या सळया वर तशाच सोडतात, पुढंमागं मजला चढवता यावा म्हणून. गंजू नये म्हणून कुणी त्यांच्या टोकांवर बाटल्या उपड्या घालतं, कुणी चिंध्या बांधतं. आमच्या छतावर रस्त्याकडच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या अर्ध्या भागातल्या सळया माझ्या आणि मागच्या अर्ध्यातल्या धाकट्याच्या. स्लॅब टाकला त्या दिवशीच आण्णांनी मिस्त्रीसमोर ते सांगून टाकलं होतं. रस्त्याकडची बाजू मला. न मागता त्यांनी मला दिलेली तेवढी एकच गोष्ट, आणि त्या गोष्टीवर मी बरीच वर्षं खूश होतो.

छतवाल्यानं त्या दिवशी आकडा दिला नाही. पुन्हा येतो म्हणाला. पावसाळ्यानंतर आला, दिवाळीच्या आधी आला. “डिसेंबरातली सावली सगळ्यात लांब पडती. ती डोळ्यानं पाह्यल्याबिगर आकडा देत न्हाई.” औरंगाबादवाल्यांनी हेच कागदावर करून दाखवलं होतं. पण ह्याला सावली समक्ष भेटायला लागायची. आणि दर खेपेला आण्णा त्याच्याबरोबर वर. पुढं पुढं तर तो दुकानासमोर दिसला की आण्णा आपणहून चपला शोधायला लागायचे.

मी खाली क्लासमध्ये पोरांना टॅली शिकवायचो आणि माझ्या डोक्यावर, स्लॅबच्या पलीकडं, माझा बाप हसायचा. आण्णांचं हसू मला फार ओळखीचं नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं वर दुसरंच कुणी आहे. एकदा तर ते सलग काहीतरी सांगत होते, मध्ये थांबत होते, परत सांगत होते. शब्द कळत नव्हते, पंख्याचा आवाज होता. मी पंखा बंद केला. पोरं म्हणाली, सर, गरम होतंय. मला परत चालू करावा लागला.

तो उतरला की मी विचारायचो, “काय म्हणत होते?”

“पाणी मागच्या कोपऱ्यात साचतं म्हणले.”

“एवढा वेळ?”

“कोपरा मोठा हाये, सर,” म्हणायचा आणि चपला घालायचा. शिवाय माझ्या बापाला हाही ‘आण्णा’च म्हणायचा, म्हणे आमचेही वडील आण्णाच होते. म्हणजे ती हाकही माझी एकट्याची राहिली नव्हती.

एके दिवशी तो क्लासमधला लोड मोजायला आला. कॉम्प्युटर किती, पंखे किती, काय किती तास चालतं. मी यादी तयार ठेवली होती. त्यानं ती बाजूला ठेवली आणि जिन्यातून खाली आवाज दिला, “आण्णा, या, क्लास मोजायचाय.” आणि आण्णा आले. दारात पाटी वाचली, चपला काढल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या क्लासमध्ये पाऊल टाकलं. पोरं उभी राहिली. मी पुढं होऊन माझी खुर्ची दिली. ते बसले ते छतवाल्यानं ओढलेल्या स्टुलावर.

“ह्या डब्ब्याला लै वीज लागती का?” त्यांनी मॉनिटरकडं बोट करून विचारलं. विचारलं छतवाल्याला. कॉम्प्युटर माझे, क्लास माझा, मी हातभर अंतरावर उभा, आणि प्रश्न त्याला.

“डब्ब्याचं एवढं न्हाई आण्णा. खरी खादाड ती एसी.” मग माझ्याकडं वळून म्हणाला, “सर, एसी सोलरवर टाकायची न्हाई. टाकली तर खर्चा दुप्पट. आधी मला हे सांगा, वीज गेल्यावर कशाकशाबिगर भागंल?”

हा त्याचा दुसरा ठरलेला प्रश्न. काय चालवायचं हे तो विचारायचा नाही, कशाशिवाय भागेल ते विचारायचा. एसीवर मी किती जीव टाकला होता ते तुम्हाला काय सांगू. आमच्या रांगेत पहिली एसी माझी. मी म्हणालो, कॉम्प्युटरला थंडावा लागतो.

“पोरांला लागत न्हाई, मंग डब्ब्याला कशाला?” आण्णा म्हणाले आणि ते दोघं हसले. माझ्याच क्लासमध्ये, माझ्या पोरांसमोर. उठताना आण्णांनी छताकडं बघितलं आणि म्हणाले, “पंखे जास्तीचे लावलेत.” क्लासबद्दल तेवढंच.

डिसेंबरातली सावली बघून त्याचा अंदाज आला तेव्हा मी तो लाल पेन घेऊन तपासला. एवढं एक सुख माझ्या हातात होतं, कारण बेरजेत तो कच्चा होता. बॅटऱ्या चार-पाच वर्षांनी बदलाव्या लागतात, तो खर्च बाकीचे लपवतात आणि ह्यानं धरला होता, ते ठीक. पण एकूण रक्कम त्यानं स्वतःच्याच तोट्याची काढली होती. मी ती दुरुस्त करून, दोन रेघा मारून, त्याच्या पुढ्यात टाकली. त्याला काही वाटलंच नाही. “बेरीज तुमची, सावली माझी,” म्हणाला आणि कागद खिशात घातला. मला जे सुख मिळायचं होतं तेही पुरतं मिळालं नाही.

डिसेंबर संपत आला होता. मी वर्गात होतो आणि वरून लोखंड कापल्याचा आवाज आला. लोखंडाच्या दुकानात वाढलेल्या माणसाला तो आवाज लगेच कळतो. मी वर गेलो. छतवाला अनवाणी, गुडघ्यावर बसून करवत चालवत होता. आण्णा टाकीच्या सावलीत उपड्या घमेल्यावर बसले होते. कापलेल्या सळया त्यांच्या पायाशी ओळीनं ठेवल्या होत्या. रस्त्याकडच्या सळया.

“ह्या माझ्या आहेत,” मी म्हणालो.

आण्णांनी दुसरीकडं बघितलं.

“सर, हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून येतं,” छतवाला म्हणाला. “ह्या सळयांची सावली प्यानेलवर आडवी पडती. एवढीशी सळई, पण अख्खं प्यानेल मार खातं. मागच्यांची पडत न्हाई. प्यानेल मागं मांडलं तर मागच्या कापाव्या लागतेत.”

“मग पॅनेल उंच स्टँडवर घ्या. सळयांच्या वर.”

“घेता येतंय. खर्चा वाढतो. म्या आण्णांला सगळं सांगितलं.”

म्हणजे माझ्या सळया उन्हामुळं कापल्या गेल्या नव्हत्या. आण्णांनी निवड केली होती. जो पुण्यात फ्लॅट घेऊन बसला होता त्याचा मजला उभा ठेवला, आणि जो रोज त्यांच्या डोक्यावर काम करत होता त्याचा कापला. आणि ही निवड त्यांनी माझ्याशी बोलून केली नाही, ह्या परक्या माणसाशी बोलून केली. मी म्हणालो, मला विचारायचं तरी. आण्णा उठले, रेलिंग धरून खाली गेले. छतवाला करवतीकडं बघत बसला.

सोलर बसलं. वीज गेली तरी माझे कॉम्प्युटर चालायचे आणि पळालेली पोरं हळूहळू परतली. क्लास वाचला. समोरचा जनरेटरवाला माझ्याकडं चौकशीला आला. मी आनंदी असायला पाहिजे होतं. पण पॅनेल पुसायला वर गेलो की मला पॅनेलखालची सळयांची कापलेली तोंडं दिसायची आणि पाठीमागं धाकट्याच्या सळया, डोक्यावर बाटल्या घालून ताठ उभ्या. मी त्यांच्याकडं पाठ करून पुसायचो.

पुढं दोन-तीन वर्षांत आण्णा गेले. शेवटपर्यंत त्यांचं-माझं बोलणं रेलिंगवरूनच झालं. ते गेल्यावर काही दिवस मी उगाच मध्येच शिकवायचं थांबायचो. तो ठोका मला हवा होता, हे तेव्हा लक्षात आलं. आणि त्याहून जास्त हवं होतं ते डोक्यावरचं बोलणं, जे मला फक्त पंख्याच्या आवाजात ऐकू आलं होतं. त्या सगळ्या दुपारींमध्ये माझा बाप काय बोलला? माझं नाव तरी निघालं का? हे सांगू शकणारा एकच माणूस जिवंत होता, आणि नेमका तोच.

एकदा भाजीबाजारात भेटला. मी मान खाली घालून विचारलं. त्यानं पिशवी खाली ठेवली. “असं हितं न्हाई सर. येतो रविवारी. वर जाऊन बोलू.”

रविवारी आला, पण रिक्षानं. वाळला होता. जिन्याशी आला, रेलिंगला हात घातला, दोन पायऱ्या चढला आणि थांबला. छाती धरून पायरीवरच बसला.

“डॉक्टरनं जिना बंद केलाय माझा,” म्हणाला आणि हसला. “म्हणलं चढंन हळूहळू. न्हाई जमत.”

मी पाणी आणलं. त्याच्या शेजारी पायरीवर बसलो. म्हणालो, इथंच सांगा.

“छतावरचं खाली आणत न्हाई मी.”

“आता वर कोण जाणार आहे? तुम्ही नाही, आण्णा नाहीत.”

रेलिंगला सुतळीनं बांधलेला सळईचा तुकडा तसाच होता. तो त्याच्याशी बोटानं चाळा करत राहिला.

“तुम्ही अजून त्या सळयांपायीच नाराज हाव का?” त्यानं विचारलं.

मी त्याच्या हातातला पेला घेऊन खाली ठेवला.

“म्या इचारलं होतं त्यांला. आण्णा, कुणाच्या कापू का उंच स्टँड घेऊ. लै टाइम बसून राह्यले. मंग म्हणले, आमच्या सरांच्या काप. सर कुठं जात न्हाईत. तो धाकटा कधी आलाच तर त्याला जागा दिसली पाहिजे.”

“कुणाच्या काप म्हणाले?”

“सरांच्या. तुमच्या.”

“सर म्हणाले?”

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला माझा प्रश्नच कळला नव्हता. “हौ, सरच म्हणायचे की. आमचे सर असे, आमचे सर तसे. सरांनी एसी बसवली, सरांकडं भोकरदनहून पोरं येतेत. दुसरं काय बोलत होतो आम्ही? मला वाटलं, घरातबी तसंच म्हणत असतील.”

मी उठून त्याच्यासाठी रिक्षा आणायला गेलो. रस्त्यावर मिळाली असती, तरी मी पार चौकापर्यंत चालत गेलो.

तो पुन्हा आला नाही. त्याच वर्षी गेला. मी पिंपळगावला जाऊन आलो. सगळं गाव जमलं होतं, आणि जमलेल्या म्हाताऱ्या माणसांत मी एकेकाचं तोंड बघत होतो. ह्यांतल्या कुणाकुणाची मुलं माझ्यासारखी छताखाली कान लावून बसली असतील, असं वाटत होतं.

आता छतावर मीच चढतो. गुडघे दुखतात. टाकीच्या सावलीत ते घमेलं अजून उपडं आहे, मी त्यावर बसतो. मागच्या सळया उभ्या आहेत, मी त्यांना हात लावला नाही. सर मला सगळं जालना म्हणतं. आण्णांच्या तोंडून तो शब्द त्या माणसानं दुपारच्या दुपारी बसून ऐकला, फुकट, कंटाळा येईपर्यंत ऐकला असेल. आणि त्या सगळ्या वर्षांत मी खाली रेलिंगवरच्या ठोक्याकडं कान लावून बसलो होतो.